वाचक विचारतात : ब्रिटिश विज्ञानकथांची कॉमिक साप्ताहिकं

प्रश्न : ‘२००० एडी’ वाचायला सुरुवात कुठून करावी? पहिल्या अंकापासून वाचायला घेतलं, पण जज ड्रेड त्यात नाहीच.

नसणारच. ‘२००० एडी’चा पहिला अंक २६ फेब्रुवारी १९७७ या तारखेचा, आणि ड्रेड, म्हणजे भविष्यातल्या महानगरात पोलीस आणि न्यायाधीश दोन्ही एकटाच असलेलं पात्र, आला दुसऱ्या अंकात, ५ मार्चला. या साप्ताहिकात अंकाला ‘प्रॉग’ म्हणतात, म्हणून जुने वाचक ‘प्रॉग २’ असा उल्लेख करतात. पहिल्या प्रॉगचा मानकरी होता डॅन डेअर. १९५० साली ‘ईगल’ साप्ताहिकात फ्रँक हॅम्पसन यांनी उभा केलेला हा अंतराळवीर इथे नव्या रूपात आणला होता.

ड्रेड क्रमाने वाचायचा हट्ट सोडा, असं आम्ही स्पष्टच सांगू. ‘कम्प्लीट केस फाइल्स’ या ड्रेडकथांच्या संग्रहमालेच्या पहिल्या खंडात प्रॉग २ ते ६० आहेत आणि त्यात पात्र अजून चाचपडतं आहे. एका भागात विनोदी, दुसऱ्यात निव्वळ मारधाड. पाचवा खंड आधी घ्या. प्रॉग २०८ ते २७० या पट्ट्यात ‘जज डेथ लिव्ज’, ‘ब्लॉक मेनिया’ आणि ‘अपोकॅलिप्स वॉर’ या कथा येतात. भाग सहासहा पानांचे असले तरी वेग कुठेही सुटत नाही. त्यानंतर ‘अमेरिका’ ही ड्रेडकथा वाचा. १९९० साली सुरू झालेल्या ‘जज ड्रेड मेगझीन’च्या पहिल्याच अंकापासून ती आली. लेखक जॉन वॅगनर, चित्रं कॉलिन मॅकनील यांची. ड्रेड हा नायक आहे की हुकूमशाहीचा चेहरा, हा प्रश्न इतक्या थेट क्वचितच कुणी विचारला असेल. पहिल्या खंडाकडे वळायचं ते हे सगळं झाल्यावर. मग त्यातलं चाचपडणंसुद्धा गोड वाटतं.

कथेतला काळ ओळखायची एक सोपी युक्ती आहे. प्रकाशनाच्या वर्षात १२२ मिळवा. १९७७ची कथा २०९९ सालात घडते, १९८२चं ‘अपोकॅलिप्स वॉर’ २१०४ सालात. इथे वाचकाचं एक वर्ष सरलं की ड्रेडचंही सरतं, तो म्हातारा होतो. म्हणून वर्ष बघून वाचणं महत्त्वाचं.

प्रश्न : ड्रेडचे निर्माते म्हणून वॅगनर आणि एस्केरा यांची नावं येतात. पण पहिल्या छापील कथेवर त्यांच्यापैकी कुणीच नाही. हे कसं?

मूळ कल्पना आणि पात्र जॉन वॅगनर यांचं. शिरस्त्राण, खांद्यावरचा गरुड, साखळ्या हा सगळा अवतार कार्लोस एस्केरा या स्पॅनिश चित्रकाराचा. ‘ड्रेड’ हे नाव मात्र पॅट मिल्स यांच्याकडून आलं. साप्ताहिकाची सगळी जुळवाजुळव मिल्सच करत होते आणि हे नाव त्यांनी एका वेगळ्या भयकथेसाठी योजलं होतं. एस्केरांनी नमुन्याच्या कथेत जे शहर रेखाटलं, ते इतकं अवाढव्य आणि अनोळखी होतं की कथा नजीकच्या भविष्यातून उचलून थेट शतकभर पुढे नेण्यात आली. चित्रकाराने कथेचा काळच बदलला! ड्रेडचं शहर, मेगा-सिटी वन, तिथून जन्माला आलं. निर्मितीत एस्केरांचा वाटा किती, हे यावरूनच मोजावं.

पण ती नमुन्याची कथा फार हिंसक ठरली आणि बाजूला पडली. दरम्यान हक्कांच्या वाटाघाटी फिसकटल्यामुळे वॅगनर बाहेर पडले. प्रॉग २ मध्ये छापली गेली ती पीटर हॅरिस यांची कथा, संपादकीय हात फिरवलेली, आणि चित्रं होती तरुण माइक मॅकमॅहन यांची. स्वतःच्या पात्राचं पदार्पण दुसऱ्याच्या हातून झालेलं पाहून एस्केरा दुखावले, आणि ते स्वाभाविकच होतं. वॅगनर काही आठवड्यांतच परतले. एस्केरांनी पुढे ‘अपोकॅलिप्स वॉर’चे सगळेच्या सगळे भाग काढले. २०१८ साली त्यांचं निधन झालं.

प्रश्न : ‘फ्यूचर शॉक’ पद्धतीची चार पानांची कथा लिहायची आहे. आराखडा कसा करावा? शेवटची कलाटणी नेहमी फसते.

‘थार्ग्ज फ्यूचर शॉक्स’ ही शेवटी कलाटणी देणाऱ्या छोट्या, स्वतंत्र कथांची मालिका १९७७च्या ऑगस्टमध्ये, प्रॉग २५ पासून सुरू झाली. तिचा पाया स्टीव्ह मूर यांनी घातला. थार्ग म्हणजे साप्ताहिकाचा कल्पित परग्रहवासी संपादक. नवे लेखक-चित्रकार पारखण्याची जागा म्हणून ही मालिका कायम वापरली गेली. ॲलन मूर, पीटर मिलिगन, ग्रँट मॉरिसन, नील गेमन या सगळ्यांनी तिथे लिहिलं आहे.

आधी हिशेब. चार पानं, पानाला पाच ते सहा चौकटी, म्हणजे एकूण वीस ते चोवीस. सहा चौकटींच्या पानावर एका चौकटीत ३५ पेक्षा जास्त शब्द नकोत आणि संवादाच्या एका फुग्यात २५ पेक्षा जास्त नकोत. त्यापलीकडे गेलात की अक्षरलेखकाला चित्र झाकावं लागतं. ३५ ही कमाल मर्यादा. प्रत्येक चौकट तेवढी भरली तर पान गुदमरतं. सगळी कथा मिळून सहाशे शब्दांच्या आसपास राहिली तर उत्तम.

पहिल्या पानाचा वरचा एक तृतीयांश भाग शीर्षक आणि मोठं चित्र खातं. उरलेल्या तीन-चार चौकटींत जग कोणतं, माणूस कोण आणि त्याला काय हवं आहे, हे तिन्ही यायलाच हवं. दुसऱ्या पानावर तो ते मिळवायला निघतो. तिसऱ्यावर त्याला ते मिळतं, किंवा मिळाल्यासारखं वाटतं. चौथ्यावर किंमत चुकती होते. ज्या लेखकांच्या कथा फसतात, त्यांचं दुसरं पान बहुतेक वेळा जगाची माहिती देण्यात गेलेलं असतं. ती माहिती पार्श्वभूमीतल्या पाट्या, कपडे, जाहिराती यांवर टाका. चित्रकार ते काम एका चौकटीत करतो.

आता पानं समोरासमोर कशी येतात ते बघा. कथा डाव्या पानावर सुरू झाली तर तिसरं आणि चौथं पान एकाच वेळी डोळ्यांसमोर उघडतं. उजव्या पानावर सुरू झाली तर दुसरं-तिसरं एकत्र येतं आणि चौथं पान उलटल्यावर दिसतं. ती कुठे सुरू होणार, हे लेखकाच्या हातात नसतं. म्हणून शेवटच्या चौकटीत डोळ्यांत भरणारा राक्षस किंवा फुटणारा ग्रह ठेवू नका. वाचक तिसरं पान वाचता वाचताच तो बघून घेतो. चौकट मध्यम आकाराची ठेवा आणि कलाटणी एखाद्या वाक्यात किंवा छोट्या तपशिलात दडवा. जवळ आल्याशिवाय ती उलगडू नये.

संहितेत सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एका चौकटीत दोन क्रिया. ‘तो दार उघडतो, आत येतो आणि बसतो’ हे वाक्य तीन चौकटींचं आहे. चौकट म्हणजे थिजलेला क्षण. कोणता क्षण ते तुम्ही ठरवायचं. दुसरी चूक अशी की कलाटणीनंतर निवेदक ती समजावून सांगतो. समजावावी लागत असेल तर बी आधी पेरलेलंच नाही. पहिल्या किंवा दुसऱ्या पानावर पुरावा उघड दिसला पाहिजे, फक्त वाचकाचं लक्ष दुसरीकडे हवं. आणि काही शेवट इतके झिजलेले आहेत की हातही लावू नका : उरलेले दोघं जण आदम आणि इव्ह निघाले, सगळं स्वप्न किंवा खेळ होता, ‘तो भयंकर ग्रह म्हणजे पृथ्वीच’.

अभ्यासासाठी १९८३ सालच्या दोन कथा घ्या. दोन्ही ॲलन मूर यांच्या, दोन्ही ‘टाइम ट्विस्टर्स’ या जुळ्या मालिकेतल्या. प्रॉग ३०८ मधली ‘द रिव्हर्सिबल मॅन’, चित्रं माइक व्हाइट यांची. एका सामान्य माणसाचं आयुष्य मृत्यूकडून जन्माकडे उलटं चालतं. इथे धक्का पहिल्याच पानावर देऊन टाकला आहे, शेवटासाठी काहीच लपवलेलं नाही. तरीही शेवट काळजात रुततो, कारण आई-वडिलांचं परत येणं आणि बायकोचं अनोळखी होत जाणं वाचक आपल्या आयुष्याशी ताडून बघतो. प्रॉग ३१० मधली ‘क्रोनोकॉप्स’, चित्रं डेव्ह गिबन्स यांची, बरोबर उलट्या जातीची. काळात मागे-पुढे जाणारे पोलीस त्याच त्या प्रसंगांतून पुन्हा जातात आणि आधी मागच्या बाजूला निरर्थक वाटलेली माणसं नंतर अर्थपूर्ण ठरतात. कागदावर चौकटींना क्रमांक देऊन कुठली चौकट कुठे परत येते त्याच्या रेघा मारा. बी पेरणं म्हणजे काय, ते दहा मिनिटांत कळेल.

प्रश्न : काही अंकांवर ‘२००० एडी अँड स्टारलॉर्ड’ असं नाव आहे. हे वेगळं मासिक होतं का?

वेगळं नाही, विलीनीकरणाची खूण आहे. एखादं साप्ताहिक बंद करायचं तर त्यातली चांगली पात्रं धडधाकट साप्ताहिकात हलवायची आणि काही काळ दोन्ही नावं जोडून छापायची, म्हणजे जुना वाचक हातचा जात नाही. ब्रिटिश प्रकाशकांची ही जुनी रीत. ‘स्टारलॉर्ड’ १९७८ मध्ये २२ अंक चाललं. कागद चांगला, त्यामुळे खर्चही जास्त. प्रॉग ८६ पासून ते ‘२००० एडी’त मिसळलं आणि येताना ‘स्ट्राँशियम डॉग’ व ‘रो-बस्टर्स’ या मालिका घेऊन आलं. पुढच्या वर्षी ‘टॉर्नेडो’चंही तेच झालं, तेही २२ अंकांनंतर, प्रॉग १२७ ला.

प्रश्न : ‘हेलो जोन्स’ तिसऱ्या भागावर थांबते. पुढचे भाग कुठे मिळतील?

लिहिलेच गेले नाहीत. पन्नासाव्या शतकातल्या एका साध्या मुलीची, ॲलन मूर (लेखन) आणि इयन गिब्सन (चित्रं) यांची ही मालिका प्रॉग ३७६ पासून, १९८४ साली सुरू झाली. दुसरा भाग १९८५, तिसरा १९८६. योजना त्याहून बरीच मोठी होती. पण पात्राचे हक्क प्रकाशकाकडे होते आणि निर्मात्यांना त्यात वाटा मिळेना, म्हणून मूर यांनी काम थांबवलं. मराठी वाचकाला ‘क्रमशः’चं दुःख सांगायला नको. तरीही तिसरा भाग ज्या जागी संपतो, तिथे कथा लोंबकळत नाही. हेलोला जिथून निघायचं होतं तिथून ती निघते.

पहिल्या भागात हूप या बेकारांच्या तरंगत्या वस्तीतली बोली कसलाही खुलासा न करता अंगावर येते. अडखळलात तरी थांबू नका, दहा पानांत कान तयार होतो. २०१८ साली रंगीत आवृत्ती आली असली, तरी गिब्सन यांच्या रेघेची वीण पाहायला कृष्णधवल आवृत्तीच घ्यावी.

प्रश्न : सुरुवातीच्या अंकांत लेखक-चित्रकारांची नावंच नाहीत. कुणाचं काम ते कसं ओळखायचं?

नावं देऊच नयेत असं प्रकाशकाचं धोरण होतं. चित्रकाराने सही केली तर ती पांढऱ्या रंगाने पुसली जाई. कारण व्यवहाराचं. नाव कळलं की प्रतिस्पर्धी माणूस पळवणार, किंवा तो मानधन वाढवून मागणार. केविन ओ’नील कलाविभागात असताना त्यांनी हे मोडलं आणि कथेच्या पहिल्या पानावर छोटी श्रेयचौकट टाकली : संहिता, चित्रं, अक्षरलेखन करणारे ‘रोबो’ अमुक अमुक. थार्गच्या यंत्रमानवांच्या आडून खऱ्या माणसांची नावं छापून आली. या क्षेत्रातल्या कलावंतांसाठी इतक्या छोट्या चौकटीने केलेलं इतकं मोठं काम आम्हाला दुसरं माहीत नाही.

त्याआधीच्या अंकांत रेघ बघा. एस्केरांची बाह्यरेषा जाड आणि करवतीसारखी तुटक असते. मॅकमॅहन सुरुवातीला एस्केरांच्या धाटणीने काढत, त्यामुळे इथे फसगत होते. पुढे त्यांचा ड्रेड अवजड बुटांवर उभा राहू लागतो. ब्रायन बोलंड यांची रेघ काचेसारखी स्वच्छ. मासिमो बेलार्दिनेल्ली यांची माणसं ताठर, पण परग्रहावरचे प्राणी आणि वनस्पती पानातून उसळून बाहेर येतात. लेखकांच्या बाबतीत टोपणनावं सांभाळा : टी. बी. ग्रोव्हर हे नाव दिसलं की ते वॅगनर यांचं, बरेचदा ॲलन ग्रँट यांच्या जोडीने केलेलं काम समजावं.

प्रश्न : ‘कर्स्ड अर्थ’च्या माझ्या संग्रहात प्रॉग ७१-७२ आणि ७७-७८चे भाग नाहीत. प्रत सदोष आहे का?

नाही. ‘कर्स्ड अर्थ’ या ड्रेडकथेच्या त्या भागांत खाद्यपदार्थांच्या कंपन्यांच्या जाहिरातींतली पात्रं विडंबनासाठी वापरली होती, म्हणून अनेक वर्षं ते पुन्हा छापले गेले नाहीत. २०१४ मध्ये ब्रिटनच्या कायद्यात विडंबनाला सूट मिळाली आणि २०१६ मध्ये संपूर्ण आवृत्ती निघाली. तिच्या नावातच ‘अनसेन्सर्ड’ आहे. तोच शब्द बघून घ्या.

प्रश्न : सत्तरच्या दशकातले मूळ अंक घेताना काय तपासावं आणि ते ठेवावेत कसे?

आधी पानं मोजा, मग मधलं जोडपान बघा. ते रंगीत असे आणि पिना सैल झाल्या की सर्वात आधी तेच निखळतं. कात्री लागलेली कूपनं शोधा. मागच्या बाजूच्या कथेची एक चौकटही त्यासोबत गेलेली असते. मुखपृष्ठावर पेन्सिलीने लिहिलेला आकडा दिसला तर तो वर्तमानपत्रवाल्याने घरपोच देण्यासाठी टाकलेला घरक्रमांक. तो खोडायला जाऊ नका, कागदाचा पापुद्रा निघतो. पहिल्या प्रॉगसोबत ‘स्पेस स्पिनर’ ही फिरती तबकडी भेट होती. ती मुखपृष्ठाला चिकटवलेली असल्यामुळे तिथे फाटलेलं किंवा चिकटपट्टीचा डाग राहिलेला आढळतो.

हा वृत्तपत्राचा स्वस्त कागद. त्यातलं लिग्निन उजेड आणि हवेने पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि कडा ठिसूळ होतात. पिवळेपणा मागे नेता येत नाही, फक्त मंदावता येतो. पॉलिएस्टरचं पाकीट आणि मागे आम्लरहित पुठ्ठा वापरा. मऊ पीव्हीसी पाकिटं शाईला चिकटतात. अमेरिकन कॉमिकच्या मापाची पाकिटं घेऊ नका, हे अंक रुंदीला जास्त आहेत आणि कडा दुमडतात. पट्टीने मोजून दोन्ही बाजूंना अर्धा सेंटिमीटर मोकळीक ठेवा. पिनांवर गंज दिसला तर त्या काढून टाका. मात्र नव्या पिना मारण्याऐवजी जुन्याच भोकांतून सुती दोरा ओवून घ्या. फाटलेल्या जागी साधी पारदर्शक चिकटपट्टी कधीही लावू नका. काही वर्षांत तिचा गोंद तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि मग तो डाग कायमचा.