पहिल्यांदाच फ्लॅट भाड्याने देताय?
एजंट म्हणेल, ‘अकरा महिन्यांचाच तर करार, नोंदणी कशाला?’ अजिबात ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा हाच करार) लेखी आणि नोंदवलेला हवाच, आणि ही जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात. खोडून काढायचं काम तुमचं. खर्च कोणी करायचा ते आधीच बोलून घ्या.

पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती द्या, सोसायटीला कराराची प्रत.

किल्ली देताना वीजमीटरचं रीडिंग, गिझर, सिंकखालचा पाइप, बाथरूमलगतच्या भिंतीची ओल यांचे फोटो भाडेकरूसमोरच काढून त्यालाही व्हॉट्सॲप करा. डिपॉझिटची भांडणं त्या ओलीवरूनही होतात. आणि हो, भाडं रोखीत नको, बँकेतच घ्या.