नदीतले जीव पाणी शुद्ध करतात, मग नाशिकची गोदावरी आपोआप स्वच्छ का होत नाही?

करतात ना. पण त्या जिवांना हवा लागते, हे सगळे सोयीस्करपणे विसरतात. एरवी मी इथे नुसता वाचतो, पण हा प्रश्न पाहिला आणि आमचे साडू आठवले.

आमची सोसायटी गंगापूर रोडला. साडू चेअरमन. एसटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाची, देखरेख माझ्याकडे, कारण नोकरीभर मी तेच केलं. वीजबिल फुगलं तसं साडूंनी फर्मान काढलं, रात्री ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) बंद. वर मलाच ज्ञान: "अहो, वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं. गंगेला कुठे ब्लोअर लावलाय?"

टाकीतले आणि नदीतले कामगार एकाच जातकुळीचे, हे त्यांच्या गळी उतरेना. घाण खाणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. त्या जिवाणूंना प्रोटोझोआ, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीव, खातात, म्हणून पाणी नितळतं. अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे; ते सावकाश वाढतात आणि हवा कमी पडली की आधी तेच हातपाय गाळतात. तळाच्या गाळात, जिथे ऑक्सिजन नसतो, तिथे आणखी तिसरेच नायट्रेटमधला नायट्रोजन हवेत सोडून देतात. नदीला हवा फुकट मिळते, खडकांवर आपटून आणि दिवसा शेवाळाकडून. टाकीला कोण देणार?

चांगला स्लज, म्हणजे टाकीतला जिवाणूंचा गाळ, चॉकलेटी असतो, वास ओल्या मातीचा. लिटरभर मोजपात्रात ठेवला की अर्ध्या तासात खाली बसतो. आमचा काही दिवसांतच काळा पडला, सडक्या अंड्यांचा वास सुटला, बी विंगवाले खिडक्या लावून बसले. माझ्याकडे जुना मायक्रोस्कोप आहे. एरवी त्यात देठावर डोलणारे, घंटेच्या आकाराचे व्होर्टिसेला नावाचे प्रोटोझोआ दिसायचे. साडूंना बोलावून डोळा लावायला सांगितला. म्हणाले, "मला तर काहीच दिसत नाही." म्हटलं, तेच तर दाखवतोय!

गोदावरीचंही तेच. आंघोळीच्या पाण्याचा बीओडी (घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला 3 मिलिग्रॅमपर्यंत हवा, विरघळलेला ऑक्सिजन किमान 5. कच्च्या सांडपाण्याचा बीओडी 200 च्या घरात असतो. नासर्डी, वाघाडी या उपनद्यांतून ते येत राहिलं तर जिवाणू खातील किती? त्यात रामकुंड परिसरात तळाला काँक्रीट ओतलं. वाळूच्या फटीतले जिवाणू, शिंपले, लव्हाळ्याची मुळं यांची जागाच गेली. वर थोडं शेवाळ धरतं, बस. पानवेलीचं, म्हणजे जलपर्णीचं, कौतुक तर मला सांगूच नका. ती नायट्रोजन, फॉस्फरस शोषते खरी, पण वेळेवर काढली नाही तर सडून सगळं परत पाण्यातच देते.

हां, जिवांच्या कामालाही मर्यादा आहे. धातूंवर मुलामा देणाऱ्या (प्लेटिंग) कारखान्यांच्या पाण्यातलं क्रोमियम कुठलाही जिवाणू खाऊन संपवत नाही. आणि नितळ दिसलं म्हणजे पिण्याजोगं झालं असंही नाही.

तुमच्याकडे एसटीपी असेल आणि वीज वाचवायची असेल, तर विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा डीओ मीटर घ्या, टायमर लावा. ब्लोअर थोडा वेळ बंद, थोडा वेळ चालू चालतो. रात्रभर बंद नाही म्हणजे नाही. येत्या सर्वसाधारण सभेत साडू हा विषय पुन्हा काढणार आहेत. त्याआधी हे उत्तर सोसायटीच्या ग्रुपवर टाकतोय.