जांभळी पाने तपकिरी का झाली?

प्रश्न : लोमोक्रोम पर्पल या रंग बदलणाऱ्या निगेटिव्ह फिल्मचा रोल मी आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा) ४०० धरून वापरला. पाने जांभळी येतील अशी अपेक्षा होती. पण लॅबकडून आलेल्या स्कॅनमध्ये, विशेषतः झाडीने भरलेल्या फ्रेममध्ये, ती मळकट तपकिरी दिसतात. फिल्मची धुलाई (डेव्हलपिंग) बिघडली असेल का? की इन्फ्रारेड फिल्टर लावायला हवा होता?

उत्तर : आधी फिल्टरची शंका मिटवू. कोडॅकची एरोक्रोम ही खरोखरीची इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही टिपणारी, फिल्म होती. तिच्या तिन्ही थरांवर निळ्या प्रकाशाचाही परिणाम होत असल्याने तो अडवण्यासाठी पिवळा फिल्टर लावावा लागे. २०१३ मध्ये आलेल्या लोमोक्रोम पर्पलची प्रेरणा तीच असली, तरी ही फिल्म दृश्य प्रकाशावरच चालते. काळा दिसणारा इन्फ्रारेड फिल्टर लावला असता, तर रोल जवळजवळ कोराच निघाला असता.

या फिल्ममध्ये, ढोबळमानाने सांगायचे तर, हिरव्या आणि निळ्या रंगांची अदलाबदल होते आणि लाल जागच्या जागी राहतो. पानांतून हिरव्यासोबत थोडा लाल प्रकाशही येतो, म्हणून ती निव्वळ निळी न होता जांभळी होतात. पिवळी फुले गुलाबी होतात, आकाश हिरवटाकडे झुकते. पांढऱ्या किंवा करड्या वस्तूंत तिन्ही रंग सारख्याच प्रमाणात असल्याने त्या मात्र फारशा बदलत नाहीत, आणि तुमची अडचण सुटेल ती इथेच. फ्रेमभर झाडीच असेल, तर स्कॅनरची स्वयंचलित दुरुस्ती त्या जांभळ्याला रंगदोष समजून त्यात हिरवा मिसळते आणि पाने मळतात. ज्या फ्रेममध्ये रस्ता, भिंत किंवा ढग भरपूर आहेत, तिथली पाने अधिक जांभळी आहेत का, ते पाहा. तसे असेल, तर दोष स्कॅनचा. लॅबला ही दुरुस्ती बंद ठेवून, सगळ्या फ्रेमसाठी एकच सेटिंग धरून पुन्हा स्कॅन करायला सांगावे. लॅबने ‘सुधारून’ दिलेल्या फायलींपेक्षा फिकट, कच्चे स्कॅन मला केव्हाही बरे वाटतात.

धुलाई रंगीत निगेटिव्हसाठीच्या नेहमीच्या सी-४१ प्रक्रियेनेच होते. निगेटिव्हच्या कडेची अक्षरे व आकडे ठळक असतील, तर तिच्यावर शंका घेण्याचे कारण नाही. अक्षरे ठळक पण चित्रे विरळ, असे दिसले तर एक्सपोजर (फिल्मवर पडलेला प्रकाश) कमी पडले आहे. उत्पादकाने सांगितलेली आयएसओची मर्यादा १०० ते ४०० आहे; आकडा जितका मोठा धरावा, तितका कमी प्रकाश फिल्मला मिळतो. तुम्ही तिच्या वरच्या टोकाला होता आणि मीटरने उजळ आकाश मोजले असेल, तर सावलीतल्या झाडीला पुरेसा प्रकाश मिळालेला नसणार.

पुढच्या रोलची पहिली फ्रेम उन्हात धरलेल्या करड्या कार्डाची घ्यावी, म्हणजे स्कॅन करणाऱ्याला रंगांचा आधार मिळेल. मग ऊन पडलेले एकच झाड आयएसओ १००, २०० आणि ४०० धरून टिपावे. जांभळ्याची छटा एक्सपोजरप्रमाणे बदलते. कोणती ठेवायची, हे या तीन निगेटिव्ह शेजारी ठेवून तुम्हालाच ठरवता येईल.