बँड मधोमध कोरा येतोय? सेकंडरी वाढवू नका, कमी करा

तुम्ही लिहिलंय की वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवून अँटीबॉडीने ओळखायची पद्धत) तुमचे ॲक्टिन या प्रथिनाचे बँड कडेने काळे आणि मधोमध कोरे येतात, दोन-तीन मिनिटांत उजेड विझतो आणि मेम्ब्रेनवर त्याच जागी पिवळट-तपकिरी पट्टे राहतात. सेकंडरी, म्हणजे प्रथिनाला चिकटलेल्या पहिल्या अँटीबॉडीला (प्रायमरीला) ओळखणारी दुसरी अँटीबॉडी, १:१००० पातळ केलेली आहे आणि सीनियर म्हणतात १:५०० करा, म्हणजे दुप्पट वापरा. कृपया करू नका. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं एकाच गोष्टीची आहेत: एचआरपी (हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज, सेकंडरीला जोडलेलं एन्झाइम) जास्त झालंय.

एचआरपी स्वतः प्रकाश देत नाही. ते हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने ल्युमिनॉलचं ऑक्सिडीकरण करतं आणि त्यातून निळा उजेड निघतो. वेस्टर्न ब्लॉटिंग हे नाव ज्यातून रूढ झालं त्या बर्नेट यांच्या १९८१ च्या निबंधात एन्झाइमऐवजी किरणोत्सारी आयोडीन लावलेलं प्रोटीन ए (अँटीबॉडीला चिकटणारं प्रथिन) वापरलं होतं. तिथे खूण स्वतःच किरण सोडते, तिला बाहेरून काही पुरवावं लागत नाही. आपल्याकडे मात्र एन्झाइमला सतत सबस्ट्रेट, म्हणजे ल्युमिनॉल आणि पेरॉक्साइड, लागतं. एका प्रायमरीवर अनेक सेकंडरी बसतात आणि प्रत्येकीवर एकाहून जास्त एचआरपी रेणू असू शकतात. ॲक्टिनसारख्या मुबलक प्रथिनाच्या बँडवर ही गर्दी इतकी होते की मधलं सबस्ट्रेट तुम्ही मेम्ब्रेन कॅमेऱ्याखाली ठेवेपर्यंत संपून गेलेलं असतं. शिवाय या अभिक्रियेत तयार होणारे मुक्त मूलक एन्झाइमलाच निकामी करतात. तपकिरी पट्टे त्याचीच खूण.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तुमच्या आकड्यांची. उपचार दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींमधला दुप्पट फरक तुम्हाला मोजायचा आहे आणि प्रत्येक नमुन्यात किती प्रथिन लोड झालं याचा हिशेब म्हणून भागायचं आहे ॲक्टिनने. ॲक्टिनचा सिग्नल असा वरच्या टोकाला अडकला असेल तर लोडिंग कमीजास्त झालं तरी सगळे बँड सारखेच दिसतील. फोटो देखणा आला तरी त्या भागाकाराला अर्थ नाही. याच कारणासाठी मी ॲक्टिन मोजताना लोड करायच्या प्रथिनाचे मायक्रोग्रॅमसुद्धा आधी कमी करून बघते.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. संवेदनशील ईसीएल (ल्युमिनॉल आणि पेरॉक्साइडचं तयार मिश्रण) वापरत असाल तर १:२०,००० पासून सुरुवात करा. एकाच लायसेटच्या (पेशी फोडून काढलेल्या द्रवाच्या) ब्लॉटच्या चार पट्ट्या कापून १:१०,०००, १:२०,०००, १:५०,००० आणि १:१,००,००० असं एकदाच करून ठेवा, वर्षभर पुरेल. १० मिलिलिटरमध्ये १:२०,००० म्हणजे अर्धा मायक्रोलिटर, आणि तेवढं पिपेटने नीट घेता येत नाही. आधी दहापट पातळ करून त्यातले ५ मायक्रोलिटर घ्या. कुणी बाटलीत तेवढंच ग्लिसरॉल घालून उणे २० ला ठेवली असेल तर ती आधीच निम्मी झालेली आहे, लेबल वाचा.

उलट अडचण आली, म्हणजे काहीच दिसेना, तरी लगेच प्रमाण वाढवू नका. डार्करूममध्ये थोड्या ईसीएलमध्ये सेकंडरीचा अगदी लहान थेंब टाका. डोळ्यांना निळा उजेड दिसला तर एन्झाइम आणि सबस्ट्रेट दोन्ही चांगले आहेत, दोष आधीच्या पायऱ्यांत आहे. नाही दिसला तर सोडियम ॲझाइडची चौकशी करा. आमच्या लॅबमध्ये दोन आठवडे सगळ्यांचे ब्लॉट कोरे येत होते. शेवटी कळलं की टिकावं म्हणून कुणीतरी ब्लॉकिंगच्या (मेम्ब्रेनवरच्या रिकाम्या जागा झाकायच्या) दुधात ॲझाइड घातलं होतं आणि सेकंडरी त्याच दुधात पातळ केली जात होती. ॲझाइड एचआरपीला बंद पाडतं. प्रायमरी साठवताना ते चालतं, पण त्यानंतर टीबीएसटीच्या (ट्वीन घातलेलं ट्रिस बफर) तीन धुण्या दहा-दहा मिनिटांच्या झाल्याच पाहिजेत.

एचआरपीऐवजी अल्कलाइन फॉस्फटेज हे दुसरं एन्झाइम लावलेल्या सेकंडरीवर जायचा विचार तुम्ही लिहिलाय. त्याला ॲझाइडचा त्रास नाही, पण फॉस्फेट त्याला अडवतं, म्हणून पीबीएस (फॉस्फेट बफर) सोडून टीबीएसच (ट्रिस बफर) वापरावं लागेल. तुमच्या अडचणीवर तो उपाय नव्हे.

आणि एक पट्टी प्रायमरीशिवाय, फक्त सेकंडरी लावून चालवा. तुमची सेकंडरी अँटी-रॅबिट (सशाच्या अँटीबॉडीला ओळखणारी) असल्याने ती कोरी यायला हवी. पुढे कधी अँटी-गोट वापरलीत तर दुधात ब्लॉक करू नका. शेळीच्या आणि गाईच्या इम्युनोग्लोब्युलिनमध्ये इतकं साम्य आहे की सेकंडरी दुधातल्या इम्युनोग्लोब्युलिनलाच चिकटेल आणि सबंध मेम्ब्रेन उजळेल. पट्ट्यांचे फोटो १० सेकंद, १ मिनिट आणि ५ मिनिटं अशा एक्स्पोजरसह इथे टाका, मी बघते.