वर्षातून चार महिने त्याच्या हातात चेंडू देऊ नका

"आमच्या चौदा वर्षांच्या मुलाला बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, व्हायचे आहे, कुमार रॉकरसारखे टेक्सास रेंजर्सकडून खेळायचे आहे," असे डलासहून लिहिताना ताई, तुम्ही पुढे कौतुकाने सांगता की, "तो शाळेच्या संघात आणि ट्रॅव्हल टीममध्ये (शाळेबाहेरच्या, गावोगावी सामने खेळणाऱ्या संघात) दोन्हीकडे खेळतो, रविवारी खासगी प्रशिक्षकाकडे जातो, बारा महिन्यांत एका आठवड्याचाही खाडा नाही." तुमचे प्रश्न पाच आहेत, पण माझे मन या 'खाडा नाही'पाशीच अडकले आहे.

आपण सगळे दहावी-बारावीचे क्लास करत इथवर आलो, त्यामुळे सुट्टी घेतली की मूल मागे पडते ही समजूत आपल्यात खोल रुजलेली आहे. अभ्यासाला ती एक वेळ चालेल, कोपराला चालत नाही. चौदाव्या वर्षी कोपराच्या हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते आणि पूर्ण जोराने टाकलेल्या प्रत्येक चेंडूचा ताण त्या कोवळ्या भागावर व आतल्या बाजूच्या लिगामेंटवर, म्हणजे हाडे जोडणाऱ्या बंधावर, येतो. मेजर लीग (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धा) आणि यूएसए बेसबॉल ही संघटना यांच्या 'पिच स्मार्ट' या सूचना तुम्ही वाचलेल्या दिसत नाहीत, याचे मला वाईट वाटले. या वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू, ६६ किंवा त्याहून अधिक टाकले तर चार दिवस विश्रांती, आणि वर्षातून किमान चार महिने फेकणे पूर्ण बंद, त्यांतले दोन-तीन महिने सलग, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. एकाच वेळी दोन संघांकडून खेळणे टाळावे, हेही त्यांत आहे.

माझा धाकटा मुलगा कॅलिफोर्नियात हायस्कूलचा पिचर होता. शनिवारी तो शाळेसाठी टाकायचा, रविवारी ट्रॅव्हल टीमसाठी. दोन्ही प्रशिक्षक आपापल्या वहीत आकडे लिहायचे, पण दोन वह्यांची बेरीज कोणी केली नाही, आणि मीही केली नाही. दुखते म्हटले तर बाकावर बसावे लागेल म्हणून तीन आठवडे तो गप्प राहिला. मला कळले ते तो डाव्या हाताने घास घेऊ लागला तेव्हा. जी विश्रांती मी त्याला आधीच द्यायला हवी होती, ती मग डॉक्टरांनी सक्तीने दिली.

"ऑपरेशननंतर हात पहिल्यापेक्षा जोरदार होतो, असे इतर पालक म्हणतात," हे तुमचे वाक्य वाचून तर मी पत्र खाली ठेवले. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये मेजर लीगचा पिचर टॉमी जॉन याच्या कोपरात दुसऱ्या हाताचा स्नायुबंध बसवला. त्याचा १९७५ चा हंगाम पूर्ण बुडाला, पण पुढे तो १९८९ पर्यंत खेळला आणि त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ त्यानंतरचे आहेत. त्या यशामुळेच हा गैरसमज पसरला. शस्त्रक्रिया तुटलेले सांधते, एवढेच. कुमारची आई भारतीय वंशाची, म्हणून आपल्या मुलांना तो घरचा वाटतो, हे मी समजू शकते; पण त्याची वाटही नीट पाहा. २०२१ मध्ये न्यू यॉर्क मेट्स संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले आणि वैद्यकीय तपासणीनंतर करार केलाच नाही. त्याच वर्षी खांद्याची शस्त्रक्रिया, २०२३ मध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया, आणि मेजर लीगमधला पहिला सामना सप्टेंबर २०२४ मध्ये. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये रेंजर्सनी तिसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या खेळाडूची ही कथा आहे.

बाकीच्या प्रश्नांबद्दल थोडक्यात लिहिते. एक संघ सोडलात की खर्चाचा बराच भार हलका होईल, आणि रविवारचा खासगी वर्ग थांबला की मराठी शाळेला वेळ कसा काढायचा हा प्रश्न उरत नाही. ड्राफ्टमध्ये शाळेतून जावे की कॉलेजनंतर, हे चार वर्षांनी विचारा.

राहिल्या तुमच्या सासूबाई, ज्या साताऱ्याहून "चेंडू फेकून पोट भरते का?" असे विचारतात. त्या दिवाळीला येणार आहेत, म्हणून ऑक्टोबर ते जानेवारी हात थांबवा. पळणे आणि पायांचे व्यायाम चालू राहू द्या. नातू कोणत्या हाताने जेवतो यावर लक्ष ठेवायला मात्र त्यांना आवर्जून सांगा. माझ्या घरी तेव्हा आजी असत्या, तर तीन आठवडे गेले नसते.