प्लायवूडला लिपिंगसाठी (उघड्या कडा झाकण्यासाठी) ४ मिलीमीटर जाडीच्या सागवानी पट्ट्या टेबल सॉवर सुरक्षितपणे कशा कापाव्यात?

फेन्स (फळी जिला टेकवून पुढे सरकवतात ती टेबलावरची सरळ आड) पात्यापासून ४ मिलीमीटरवर आणून पट्टी त्या दोहोंच्या मधून काढत असल्याचे आपण लिहिले आहे. ही पद्धत कृपया आजच थांबवावी. फळीपासून सुटी झालेली पट्टी पुढे रेटणारे काहीच उरत नाही. ती पाते आणि फेन्स यांच्यात अडकते आणि पात्याच्या मागच्या बाजूने वर येणारे दात तिला उचलून थेट आपल्या दिशेने भिरकावतात. १० इंची पाते मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर दातांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर असतो. त्या वेगाने आलेली टोकदार पट्टी शरीरात घुसू शकते. शिवाय एवढ्या चिंचोळ्या जागेत पुश स्टिक (लाकूड पुढे ढकलायची काठी) नीट जात नाही आणि मग बोटे पुढे जातात, याची मला अधिक काळजी वाटते.

फळीचा रुंद भाग फेन्सकडे ठेवावा आणि पट्टी पात्याच्या मोकळ्या बाजूला सुटू द्यावी. पट्ट्या एकसारख्या याव्यात म्हणून मोकळ्या बाजूला लाकडाचा एक ठोकळा टेबलाला क्लॅम्पने असा पक्का करावा, की त्याचे टोक दाताच्या बाहेरच्या कडेपासून बरोबर ४ मिलीमीटरवर राहील. हा ठोकळा पात्याच्या अलीकडे, म्हणजे आपण उभे राहतो त्या बाजूलाच हवा. तो पात्याच्या शेजारी आला, तर पट्टी तिथेही अडकेल. प्रत्येक कापानंतर, मशीन बंद असताना, फळी ठोकळ्याला टेकेपर्यंत फेन्स सरकवून घट्ट करावी. यात वेळ जातो, पण तो वाचवण्यासारखा नाही.

पात्याभोवतीच्या रुंद फटीत बारीक पट्टी घसरते, म्हणून तिथे पात्याला जेमतेम वाट देणारी प्लायची प्लेट बसवावी. रायव्हिंग नाइफ (पात्यामागची, काप मिटू न देणारी धातूची पातळ पत्री) काढू नये. पात्याचे दात फळीच्या वर थोडेच राहावेत, आणि लांबीच्या कापासाठी २४ दातांचे पाते चांगले.

आपल्याकडे अनेक ठिकाणी हातातली सर्क्युलर सॉ उलटी करून प्लायच्या टेबलाखाली बसवतात आणि तिला रायव्हिंग नाइफ नसते. अशा टेबलावर मी या पट्ट्या कापत नाही. वखारीतल्या बँड सॉवर (उभ्या, पट्ट्यासारख्या पात्याच्या करवतीवर) किंचित जाड कापून घेतो आणि रंध्याने साफ करतो. बँड सॉचे दात लाकूड खाली टेबलावरच दाबतात, त्यामुळे ते अंगावर उडण्याचा हा धोका तिथे नसतो.

कापताना पात्याच्या रेषेत उभे राहू नये, पाते पूर्ण थांबेपर्यंत पट्टीला हात लावू नये, आणि फळी चार इंचांपेक्षा अरुंद झाली की ती बाजूला ठेवून नवी घ्यावी.