काँप्रेसर घेताना पाच वर्षांपुढचे पार्ट बघा

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचं मशिन शॉप आहे, शेजारी फाउंड्री. दोन शिफ्ट चालतात. 30 एचपीचा स्क्रू काँप्रेसर घ्यायचाय. एका आयात मशिनचं कोटेशन सव्वा लाखाने कमी आहे, शिवाय एअरएंडला (हवा दाबणारा स्क्रूचा मुख्य भाग) 5 वर्षांची वॉरंटी. पुढे पार्ट आणि सर्व्हिस मिळेल का, हे आत्ताच कसं ओळखायचं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन शिफ्ट म्हणजे रोजचे 16 तास. वर्षाचे 300 दिवस धरले तर पाच वर्षांत 24,000 तास भरतात. एअरएंडच्या बेअरिंगचं काम साधारण इथूनच पुढे निघतं. म्हणजे वॉरंटी संपते तेव्हाच मोठा खर्च दारात येतो.

म्हणून दोन्ही विक्रेत्यांकडून 24,000 तासांची पार्टयादी आजच्या दरासह, पार्ट नंबर घालून लेखी घ्या. ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर दर 2,000 तासांनी, म्हणजे 12-12 नग. ऑइल आणि सेपरेटर (दाबलेल्या हवेतून तेल वेगळं करणारा भाग) बऱ्याच मशिनांत 4,000 तासांनी, म्हणजे सहा वेळा. इनटेक, मिनिमम प्रेशर आणि थर्मल व्हॉल्व्हची किट दर 8,000 तासांनी. शेजारी फाउंड्री असल्याने एअर फिल्टर दुप्पट धरा. तिथली बारीक धूळ कूलरमध्येही बसते आणि उन्हाळ्यात मशिन तापून ट्रिप होतं. शेवटी बेअरिंग-सील किट आणि बदली एअरएंडचा दर. ही बेरीज झाल्याशिवाय स्वस्त-महाग ठरवू नका. यादी द्यायला टाळाटाळ करणारा विक्रेता तिथेच बाद समजा.

मग मशिनचं दार उघडायला लावा. एअरएंडवर कोणाची नेमप्लेट आहे? मोटर स्टँडर्ड फ्रेमची आहे का, की उद्या जळली तर बाजारातली बसणारच नाही? कंट्रोलरचा सर्व्हिस पासवर्ड तुम्हाला मिळणार का, हेही विचारा. सर्व्हिसचे तास उलटले की काही कंट्रोलर नुसता अलार्म देतात, काही मशिनच बंद करतात.

सर्व्हिसला येणाऱ्या माणसाची पारख एका प्रश्नात होते : ‘हवेच्या लाइनमध्ये तेल यायला लागलं तर आधी काय बघाल?’ लगेच ‘सेपरेटर बदलू’ म्हणाला तर सावध व्हा. सेपरेटरच्या तळाशी जमलेलं तेल एअरएंडकडे परत नेणारी एक बारीक नळी असते. तिचं नोझल चोंदलं की नव्या सेपरेटरमधूनही तेल हवेबरोबर जातं. जाणकार माणूस ऑइलची पातळी बघतो, ते नोझल साफ करतो आणि मगच सेपरेटरला हात घालतो.

वॉरंटीच्या अटी नीट वाचा. बहुतेकींत कंपनीचंच ऑइल आणि फिल्टर वापरल्याची बिलं मागतात, ती लॉगबुकात तासांच्या नोंदीसह लावून ठेवा. टॉप-अप करतानाही दुसरं ऑइल घालू नका. पॉलिग्लायकॉल या सिंथेटिक ऑइलमध्ये साधं मिनरल ऑइल मिसळलं की चिकट गाळ धरतो, कूलर आणि फिल्टर चोंदतात आणि असा क्लेम हमखास नाकारला जातो.